दोन उन्हं दिलेली पेनं

नामदेव पागधरेला होडी लागत असे. दांडीसारख्या गावात, जिथे कुत्रीसुद्धा भरती-ओहोटी बघून झोपायची जागा बदलतात, तिथे मासेमारी करणाऱ्या मांगेल्याच्या पोटी जन्म घेऊन होडी लागणं म्हणजे कुंभाराच्या पोराला चिखलाची किळस यावी तसं होतं. बापाने त्याला काही हंगाम समुद्रावर नेऊन पाहिलं. दर खेपेला जाळ्यात मासळी येण्याच्या आधी नामदेवच्या पोटातलं सगळं बाहेर आलं. शेवटी बापाने हात टेकले आणि त्याला तारापूरच्या शाळेत घातलं. गावात मच्छीमारांची सोसायटी निघाली तेव्हा तिला असा एक माणूस हवा होता, ज्याला लिहिता येतं आणि जो ऐन वेळी दर्यावर निघून जाणार नाही. या दोन्ही अटी पुऱ्या करणारा इसम गावात एकच होता. नामदेव कारकून झाला.

त्याला आणखी एक व्याधी होती. पण ती होडीसारखी चारचौघांत दिसत नसे, म्हणून तिच्यावर कोणी उपाय केला नाही. त्याला नाही म्हणता येत नसे. एकदा एस.टी.च्या कंडक्टरने बोईसरऐवजी चिंचणीचं तिकीट फाडलं, तर हा गृहस्थ मुकाट्याने चिंचणीला जाऊन आला. घरी आल्यावर बायकोने, सुगंधाने, विचारलं, "चिंचणीला काय काम व्हतं?" तर म्हणाला, "तिकीट होतं."

सोसायटीच्या कामाला तो आठवड्यातून एकदा पालघरला जाई. दांडीहून एस.टी.ने बोईसर, तिथून शटलने पालघर. जाळ्यांचं सूत, रॉकेल, बर्फ यांचे अर्ज घेऊन कचेऱ्यांपुढे उभं राहायचं, साहेब जेवायला गेला असेल तर तो जेवून येईपर्यंत आणि जेवून आला असेल तर तो जागा होईपर्यंत. अशाच एका दुपारी, बासष्टच्या लढाईच्या सुमारास, त्याचं पेन मोडलं. परदेशी पेनं यायची बंद झाली होती आणि चोरून येणारी कारकुनाच्या खिशाला मानवणारी नव्हती. स्टेशनकडे जाताना भुसाराच्या दुकानामागे एक अरुंद खोली होती. बाहेर फळीवर रंगवलं होतं : 'जमुना पेन. हातघडणीचे.'

आत पुंजाराम बसायचा. तो मूळचा धुळ्याकडचा, सुताराच्या घरचा. लाटणी आणि भोवरे करता करता मुंबईच्या एका पेनच्या कारखान्यात शिरला आणि तिथून विद्या घेऊन बाहेर पडला. पायाने चालवायचा एक लेथ, काळ्या एबोनाइटचे दांडे आणि बायकोचं नाव, एवढ्या भांडवलावर त्याने पालघरला धंदा मांडला. एबोनाइट म्हणजे रबर आणि गंधक एकत्र शिजवून केलेला कडक पदार्थ. लेथवर चढवला की त्याच्या काळ्या कुरळ्या साली निघत आणि खोलीभर जळक्या टायरचा वास सुटे. त्या वासात पुंजाराम राहत होता, जेवत होता, झोपत होता. दुकानाच्या मागच्या पडद्याआड त्याचं घर होतं.

नामदेवने पेन घेतलं. ते दिसायला देखणं होतं. काळंभोर, गुळगुळीत, टोपणावर बारीक अक्षरात 'जमुना' कोरलेलं. ड्रॉपरने शाई भरायची, आटे फिरवून बंद करायचं. फक्त एक गोष्ट पुंजारामने सांगितली नाही, कारण ती त्यालाच ठाऊक नव्हती. निबेखालची जिभली त्याला अजून नीट कापता येत नव्हती. शाई अर्धी संपली आणि लिहिणाऱ्याच्या हाताची ऊब लागली, की आतली हवा फुगे आणि एक टपोरा थेंब कागदावर उतरे. रॉकेलच्या अर्जावर तो नेमका आकड्यावर उतरला. वरच्या साहेबाने तो आकडा स्वतःच्या मनाने वाचला आणि त्या वर्षी दांडीला पुढच्या वर्षाचंही रॉकेल मिळालं. सोसायटीने नामदेवचा सत्कार केला. पण सदऱ्याचा खिसा निळा झाला होता, आणि सदरा सुगंधा धूत होती.

"जा नि परत दे त्याला," ती म्हणाली. "नि सांग, पेन दिलंस का शाई ओकनारं पावशेर म्हाकूल?"

नामदेव खरोखरच परत द्यायला गेला. हे इथे नमूद करून ठेवायला हवं, कारण पुढे त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. तो दुकानाच्या पायरीवर उभा राहिला, खिशाकडे हात नेला, आणि पुंजाराम लेथवरून उठून दोन्ही हात पसरून पुढे आला.

"आलात! भाऊसाहेब, इथून पेन नेलेलं गिऱ्हाईक परत आलेलं मी पहिल्यांदा बघतोय."

बाकीची गिऱ्हाइकं परत का येत नसतील, हे नामदेवला कळलं. पुंजारामला कळलं नव्हतं.

"कसं चालतंय?"

"छान," नामदेव म्हणाला.

पुंजारामने त्याच्या निळ्या खिशाकडे कौतुकाने पाहिलं. "भरपूर लिहिता असं दिसतंय. थांबा, तुम्हाला दुसरं दाखवतो. हे तुमच्यासारख्याच माणसाकरता ठेवलं होतं."

असं दुसरं पेन आलं. मग तिसरं. पुढे पुढे पालघरच्या खेपेला दुकानावरून जायचं टाळावं म्हणून नामदेव मागच्या गल्लीने जाऊन पाहू लागला. पण मागच्या गल्लीतून पुंजारामच्या घराची खिडकी दिसायची. म्हणजे खरं तर खिडकीतून गल्ली दिसायची. "भाऊसाहेब, इकडून कुठे! पुढून या, पुढून!"

दांडीला बोंबील सुकवायच्या वलांड्यांवर, म्हणजे बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या असतात तिथे, बायकांना विषय मिळाला. बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून जोड्या दोरीवर टाकता टाकता कोणी विचारी, "काय गो सुगंधा, तुज्या नवऱ्याच्या छातीवर ती जमना कोण?"

"सवत हाय माजी," सुगंधा म्हणे. "पन गरीब हाय गो. भात मागत नाय, लुगडं मागत नाय. शाई पिते नि गप पडते."

"नि किती हायत?"

"पेटीभर हायत. राजाला नसतील येवढ्या."

पेनं पत्र्याच्या पेटीत राहत. नामदेव सोसायटीचं लिखाण साध्या टाकाने करी, कारण रॉकेलसारखा योग पुन्हा येईल याची खात्री नव्हती. पण खिशाला एक जमुना पेन मात्र असे, आणि ते दर आठवड्याला बदललेलं असे. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, की हा एक गळ्यात पडलेला उद्योग आहे. त्याने तसं स्वतःलाही सांगितलं होतं. तरी दुपारी घरात कोणी नसताना तो पेटी उघडून बसे. एक पेन आखूड आणि जाड, त्याच्या टोपणाला बांबूसारखी पेरं. एक निमुळतं, बगळ्याच्या चोचीसारखं. एक केळफुली रंगाच्या दांड्याचं, काळ्यात तांबडे ढग मिसळलेलं. तसला दांडा पुंजारामला एकदाच मिळाला होता. काही पेनांवर लेथ घसरल्याच्या खुणा होत्या आणि त्या खुणांवरून कोणत्या पावसाळ्यात पुंजारामला ताप आला होता हेही नामदेवला सांगता आलं असतं. गावात त्याच्यासाठी म्हणून कोणी कधी काही केलं नव्हतं. जाळी सगळ्यांसाठी विणली जात, होड्या घराण्यासाठी बांधल्या जात. आणि तिकडे पालघरला एक माणूस मऊ फडकं उलगडून म्हणत असे, "हे तुमच्या बोटांच्या मापाने केलंय, भाऊसाहेब." बोटांचं माप चुकलेलं असायचं. पण घेतलेलं असायचं.

पुढे बॉलपेनं आली. ती गळत नसत, त्यांना निब नसे, आणि संपली की फेकून देता येत. शाळेत मास्तर त्यांच्यावर ओरडत होते, तोवर बाजाराने ती घेऊनही टाकली. पुंजारामच्या फळीवरची अक्षरं उडू लागली. तिकडे तारापूरच्या किनाऱ्याला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात सुरू झालं होतं. बोईसर स्टेशनावर हिंदी बोलणारे लोक ट्रंका घेऊन उतरत होते. अमेरिकन साहेबांच्या गाड्या धूळ उडवत जात आणि धूळ खाली बसेपर्यंत रस्त्याकडेची भागी नावाची म्हातारी आपली भाजीची पाटी पदराने झाकून बसे.

सदुसष्ट सालची होळी तोंडावर आली होती. नामदेव पालघर स्टेशनात शटलमधून उतरला, तेव्हा पाण्याच्या नळापाशी उभी असलेली एक बाई कमरेवर हंडा घेऊन थेट त्याच्याकडे आली.

"तुम्हीच ना ते भाऊसाहेब? दांडीचे?"

"हो. आपण?"

"मी जमुना. पेनावरची."

नामदेव गोंधळला. ज्या नावाची टोपणं तो इतकी वर्षं उघडत आणि लावत होता, ते नाव एवढं वाळलेलं असेल आणि स्टेशनवर पाणी भरत असेल, असं त्याच्या कल्पनेत नव्हतं.

"दुकानात एक फोरमन येऊन गेला," ती सांगू लागली. तिने हंडा खाली ठेवला नाही. "ते वीज काढायचं चाललंय ना, तिथल्या ठेकेदाराचा. त्याला लेथवर बसणारा माणूस पाहिजे. बोईसरला खोली देतो म्हणाला. खोलीत नळ आहे." नळ हा शब्द तिने दुसऱ्या बायका देव्हारा म्हणतात तसा म्हटला.

"मग घ्या की."

"मी घेऊ? हे तयार नाहीत. म्हणतात, सगळा बाजार मला सोडून गेला, एक भाऊसाहेब राहिले, त्यांना काय तोंड दाखवू? तुमच्या नावाने उदबत्ती लावायची तेवढी बाकी आहे. भाऊ, त्यांच्या छातीत लेथवरची ती भुकटी बसलीय. खोकले की काळं पडतं. होळीनंतरच्या सोमवारी फोरमन दुसरा माणूस घेणार आहे."

"मी काय करू?"

"नको म्हणा. त्यांना सांगा, मला आता पेन नको. एकदाच म्हणा. बाकीचं मी बघते."

नामदेवने तिच्याकडे पाहिलं, हंड्याकडे पाहिलं. हंड्यातून पाणी तिच्या लुगड्यावर सांडत होतं. तिला तरी नाही कसं म्हणणार?

"म्हणतो," तो म्हणाला.

दुकानाशी पोचला तेव्हा तो फोरमनच बाहेर पडत होता. "सोच लो मिस्त्री," तो वळून आत सांगत होता. "होली के बाद का सोमवार. बाद में मत बोलना कि बताया नहीं." आणि नामदेवच्या खिशातल्या पेनाकडे बघून, जणू हाच आरोपी, मान हलवून निघून गेला.

पुंजाराम खोकत होता. खोकला थांबल्यावर त्याने फडकं उलगडलं. आत नवं पेन होतं.

नामदेवने स्टेशनपासून वाक्य घोकत आणलं होतं. ते तोंडाशी आलं आणि तिथेच त्याचा आकार बदलला.

"पुंजाराम," तो म्हणाला, "आता ठेवायला जागा नाही हो राहिली."

"असं?" पुंजाराम विचारात पडला. "ठेवता कशात सध्या?"

पत्र्याच्या पेटीत असं म्हणणं बरं दिसलं नसतं. "कपाटात," नामदेव म्हणाला. आणि पुंजारामचे डोळे बघून पुढचाही शब्द सुटला, "काचेच्या."

"काचेच्या कपाटात! आणि हे तुम्ही आज सांगताय! अहो, कपाटात आडवी ठेवली तर जागा खाणारच. त्यांना उभं करायला पाहिजे. मी लाकडाची घोडी करून आणतो. होळी झाली की रविवारी येतो दांडीला, मीच बसवून देतो. जमुनालाही आणतो. तिने समुद्र बघितलेला नाही."

नामदेव नकार देऊन बाहेर पडला, तेव्हा त्याच्या खिशात एक पेन जास्त होतं आणि घरी दोन पाहुणे यायचे होते.

सुगंधाने सगळं ऐकून घेतलं. "काचेचं कपाट कुटून आननार? मासळी ठेवायच्या फडताळाला काच लावशील?"

"बघू."

"तू बगूच. बगत बगत पेटी भरली." पण पाहुणे म्हटल्यावर ती पदर खोचून उभी राहिली. "ती पेनं कशी झालीत बगितलंस? शाईचं खापलं धरलंय. लोकांना दाखवायचीत ना?"

"जरा पुसून ठेव," नामदेव म्हणाला, आणि होळी आटोपताच सोसायटीच्या सभेसाठी मुरबे गावाला गेला. तिथल्या लोकांना दांडीच्या लोकांशी बर्फावरून भांडायचं होतं. ते मनासारखं भांडून होईपर्यंत त्याला तिथेच राहावं लागलं.

शनिवारी तो परतला. ऊन उतरत होतं. वलांड्यांवर बोंबील निम्मेअधिक वाळले होते, वाऱ्यावर कागदासारखे वाजत होते. शेवटच्या वलांडीवर, वरच्या दोरीला, बोंबलांच्या रांगेतच काहीतरी लटकत होतं जे वाजत नव्हतं.

ती पेनं होती. प्रत्येक पेन आपल्या खिशाच्या पट्टीने दोरीला अडकवलेलं, टोपण वर, देह खाली. मध्ये सारखं अंतर. आणि त्यांतलं एकही काळं नव्हतं. एबोनाइटला कढत पाणी सोसत नाही आणि ऊन तर त्याहून नाही. त्यातलं गंधक वर येतं आणि रंग मरतो. काही पेनं शेवाळी झाली होती, काही करपलेल्या भाकरीच्या कडेसारखी. केळफुलीचे तांबडे ढग चिखलात बसले होते.

"सुगंधा! हे काय केलंस?"

"काय केलं? धुतली." ती बाजूच्या बोंबलांवरचा कावळा हाकत होती. "सोडा घालून कढत पान्यात घातली, तवा कुटं शाई सुटली. मंग वाळत घातली. ओलं ते ओलं घरात ठेवायचं? किडा नाय लागनार? दोन उन्हं दिलीत चांगली. आता चार वरसं बगायला नको."

तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या घरात वर्षभर टिकायचं असलेल्या प्रत्येक गोष्टीला दोन उन्हं मिळत. बोंबील, जवळा, आमसुलं, उशा, लेकीचं बाळंतपणातलं दुपटं. ज्या वस्तूला ऊन दाखवलं नाही ती वस्तू तिच्या मते घरातली नव्हेच. पेनांना तिने इतकी वर्षं ऊन दिलं नव्हतं. आता दिलं होतं.

नामदेव वलांडीखाली वाळूत बसला. त्याला प्रत्येक पेन ओळखता येत होतं, आणि ओळखता येत होतं हाच त्रास होता. मग त्याच्या मनात एक विचार आला, आणि तो आल्याची त्याला लाज वाटली. पण विचार गेला नाही. उद्या पुंजाराम येईल. आपली पेनं बोंबलांच्या रांगेत वाळत घातलेली बघेल. कोणत्याही कारागिराचं मन उडायला याहून जास्त काय लागतं? तो रागाने परत जाईल, परवा सोमवार आहे, बोईसरला लेथवर बसेल. जमुनेला नळ मिळेल. नामदेवला एक शब्दही बोलावा लागणार नाही. नकार द्यायचं काम दोरीच परस्पर उरकेल.

त्याने पेनं काढली नाहीत. सुगंधाने संध्याकाळी दव पडायच्या आत ती उतरवली तेव्हा फक्त एवढंच म्हणाला, "सकाळी परत टांग."

"तिसरं ऊन?" ती म्हणाली. "बरं. पावन्यांना दिसतील तरी."

रविवारी पहिल्या एस.टी.ने दोघं आली. पुंजारामचा सदरा इस्त्रीचा होता आणि काखेत लाकडाची घोडी होती. जमुना समुद्राकडे बघत उभी राहिली.

"एवढं पाणी," ती म्हणाली.

"पन चूळ भरायच्या कामाचं नाय," सुगंधाने सांगितलं. "आमी बी लांबूनच आनतो हंडा."

दोन्ही बायका एकमेकींकडे बघून हसल्या. सुगंधाने मग पाहुण्यांची वरात थेट वलांडीकडे नेली. कपाटाचा विषय कोणी काढायच्या आतच पुंजारामला दोरी दिसली.

त्याने घोडी वाळूत ठेवली. पुढे होऊन एक पेन दोरीवरून काढलं, उन्हात फिरवलं, नाकाशी नेलं. त्याला गंधकाच्या जागी बोंबलाचा वास आला असणार. मग दुसरं काढलं. जमुनेने नामदेवकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं : आता.

दोरीवर भरवसा ठेवून चालणार नाही हे नामदेवच्या लक्षात आलं. त्याने घसा साफ केला.

"पुंजाराम, आता तुम्हीच बघा. आमच्याकडे पेनांची ही कदर. तुम्ही ती बोईसरची नोकरी घ्या. मला… मला आता पेन नको."

जन्मात पहिल्यांदा तो असं बोलला. लहानपणी होडीची कड धरायचा तसाच त्याने बांबू धरला.

पुंजाराम वळला, पण त्याच्याकडे नाही. "वहिनी," त्याने विचारलं, "किती ऊन दिलं?"

"दोन पुरी. हे तिसरं."

"आणि रात्री?"

"रातीला आत घेतली. दव पडतं ना. फडक्यात गुंडाळून चुलीच्या बाजूला ठेवली, ऊब ऱ्हावी म्हनून. कावळ्यांच्या भरवशावर नाय सोडली काय, सोता बसली व्हती राखन करत."

पुंजारामचा चेहरा पालटला. "ऐकलंस?" तो जमुनेला म्हणाला. "रात्री आत घेतली. मला लहानपणी कोणी असं आत घेतलं नसेल."

"त्यांनी नको म्हटलंय," जमुना म्हणाली. "तुम्ही ऐकलं का? भाऊ नको म्हणाले."

"ऐकलं. माझ्यासाठी खोटं बोलतायत ते. मला नोकरी लागावी म्हणून." त्याने नामदेवचा बांबूवरचा हात धरला. "भाऊसाहेब, ज्याला नकोत त्याच्या घरची बाई दोन दिवस कावळे हाकत बसत नाही. रंगाचं काय, तो वरवरचा गेलाय. लेथवर केसभर घासलं की आत काळंच आहे. सगळी घेऊन जातो आणि एकेक करून परत पहिल्यासारखी करतो."

"उद्या सोमवार आहे," जमुना म्हणाली.

"सोमवार दर आठवड्याला येतो."

नामदेवने ठरवलं, आता खरं सांगायचं. उगाच गाळून, गोड करून नाही. "पुंजाराम, माझं ऐका. मला ही पेनं कधीच नको होती. पहिलं पेन गळत होतं. मी परत आलो होतो ना, तो तक्रार करायला आलो होतो. पेन परत द्यायला."

पुंजाराम थबकला. "गळत होतं?"

"हो."

"मग दुसरं?"

"तेही."

"सगळी?"

"मधली काही कमी गळतात."

वारा पडला होता. पुंजाराम हातातल्या शेवाळी पेनाकडे बघत होता. जमुनेने श्वास रोखला आहे हे नामदेवला दिसलं. मग पुंजारामने मान वर केली. त्याच्या तोंडावर जे होतं तसं नामदेवने फक्त जत्रेत, देवळाच्या गाभाऱ्यातून बाहेर येणाऱ्या माणसांच्या तोंडावर पाहिलं होतं.

"गळत होती," तो हळूच म्हणाला, "तरी तुम्ही घेत राहिलात."

सुगंधाने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की काय ते कळलं नाही. जमुना खाली वाळूत बसली.

पत्र्याची पेटी बाहेर आली. सुगंधाने पेनं दोरीवरून काढायची, नामदेवने फडक्यात गुंडाळायची, पुंजारामने पेटीत लावायची, असं काम सुरू झालं. जमुना तशीच बसून बघत होती. तिने एकदाच तोंड उघडलं. "निदान माझं नाव तरी घासून टाका त्यावरचं." नवऱ्याने "बघू" म्हटलं, आणि त्या शब्दावर सुगंधाने नामदेवकडे पाहिलं.

पेटी भरत आली. केळफुली पेन नामदेवच्या हातात आलं. त्याने ते उलटून पाहिलं, अंगठ्याने टोपणाची कड चाचपली.

"हे जपून," तो म्हणाला. "याला केसभरापेक्षा जास्त घासू नका. ढग वरच्या वरच आहेत. आणि जाड पेरांच्या त्या पेनाला आधी हात लावा, ते फार…"

तो थांबला. पुंजाराम मान हलवत ऐकत होता, वैद्याकडून पथ्य ऐकावं तसा. पण नामदेव त्याच्याकडे बघत नव्हता. जमुनेने डोकं उचललं होतं. ती आता चिडलेली दिसत नव्हती. ज्या नळावर पाणी येईल म्हणून हंडे लावून बसावं आणि तो नळ कुठे जोडलेलाच नाही असं दिसावं, तशी ती त्याच्याकडे बघत होती.

"तुम्हीपण यांच्यासारखेच निघालात, भाऊ," ती म्हणाली.

नामदेवला नाही म्हणायचं होतं. पण आजचा एक नकार वापरून झाला होता, आणि दुसरा खोटा ठरला असता.

एस.टी. आली. कंडक्टर पेटी टपावर टाका म्हणत होता, पुंजाराम ऐकेना. वर ऊन लागेल, म्हणाला. शेवटी जमुनेने पेटी मांडीवर घेतली. पेटीमुळे तिला पुढचं काही दिसत नव्हतं आणि समुद्राच्या बाजूची खिडकी दुसऱ्याच कोणी धरली होती. पुंजाराम खोकत खोकत हात हलवत होता. "पुढच्या आठवड्यात या! एक तरी तयार असेल!"

गाडी वळून गेली. सुगंधा वलांडीकडे परत निघाली. मोकळ्या दोरीवर आता बोंबील टाकता येणार होते, त्या विचाराने तिची चाल हलकी झाली होती.

नामदेव फाट्यावर उभा होता. उद्या सकाळी बोईसरला तो फोरमन कोणातरी दुसऱ्याला लेथ दाखवेल, खोली दाखवेल, नळ सोडून दाखवेल. हे त्याला लख्ख दिसत होतं. त्याच्याच शेजारी, तितकंच लख्ख, दुसरंही काही दिसत होतं : पुढच्या आठवड्यात पुंजाराम फडकं उलगडेल तेव्हा आत कुठलं पेन असेल. जाड पेरांचं की चोचीसारखं. त्याने मान झटकून पाहिली. मग तिथेच उभं राहून तो दिवस मोजू लागला.